चालू यंत्राची पूजा

शाहूपुरीतल्या आण्णांच्या स्टुडिओत तीन कॉम्प्युटर होते आणि त्यातला सगळ्यात म्हातारा अक्षता कांबळेच्या नशिबी आलेला. बारा वर्षांचं धूड. आण्णा लग्नांची शूटिंगं घ्यायचे आणि अक्षता नि राजस ही दोघं ती कापून, जोडून, गाणी लावून त्यांची फिल्म करायची. राजस म्हणजे आक्कांच्या, आण्णांच्या बायकोच्या, बहिणीचा मुलगा. त्यामुळं पाडव्याला नवा कॉम्प्युटर आला तो कुणाच्या टेबलावर बसला, हे सांगायला ज्योतिषी नको. काचेचा डबा, आत निळे-जांभळे दिवे, बघत बसावं असा. राजसचं जुनं मशीन अक्षताकडं सरकलं, कीबोर्डातल्या त्याच्या बिस्किटांच्या चुऱ्यासकट.

तीन वर्षं ती हजेरीवर होती. आली तर पैसे, ताप आला तर आपला ताप आपल्यापाशी. राजसही हजेरीवरच. चिकटपणात आण्णा नातं-बितं बघत नसत, तेवढा न्याय त्यांच्यात होता. श्रावण लागला आणि एके दिवशी खुर्चीत रेलून ते म्हणाले, "दसऱ्यापासनं एकाला कायम करणार. एकालाच! दोघं पोसायला माझा काय साखर कारखाना न्हाय. अक्षता, गडहिंग्लजच्या उदयसिंहांच्या लेकीचं लग्न तुझ्याकडं. राजस, तुला इचलकरंजीचं. दसऱ्याला ज्याची फिल्म पुरी आणि चांगली, त्याची खुर्ची."

अक्षतानं त्या दिवशी सिद्धार्थनगरातल्या घरी जाऊन आईला सांगितलं. मीनाबाई अंगणवाडीत मदतनीस, सगळा जन्म मानधनावर काढलेली. 'कायम' हा शब्द ऐकल्यावर तिनं तव्यावरची भाकरी करपवली. "कायम म्हंजे कायम? पत्र देत्यात?" तिनं तीनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी गल्लीत सगळ्यांना कळलं होतं. आता मागं फिरायची सोय उरली नव्हती.

उदयसिंहांचं लग्न तीन दिवसांचं, चार कॅमेऱ्यांचं. हळद, साखरपुडा, वरात, घोडा, घोड्यावरनं पडलेला करवला, सगळं. अक्षतानं ते असं बांधलं होतं की बघणाऱ्यानं जागचं हलू नये. पण बांधून काय उपयोग? पुरी फिल्म मशीनमधनं बाहेर काढायला बसवली की म्हातारं तीस तास घ्यायचं आणि एकोणतिसाव्या तासाला मान टाकायचं. दोनदा टाकली. आण्णांना राजसचं नवं मशीन एका दिवसासाठी मागितलं तर ते असे हसले की जणू तिनं त्यांची किडनी मागितली.

मग तिनं अभ्यास सुरू केला. कॉम्प्युटरच्या आत प्रोसेसर असतो, म्हणजे त्याचं डोकं. कंपनी त्याला एक वेग ठरवून देते. काही प्रोसेसरांना मात्र त्याहून थोडं जास्त पळवता येतं. सगळ्यांना नाही, पण ह्या म्हाताऱ्याच्या नंबरापुढं 'के' लिहिलं होतं, आणि के असला म्हणजे वेगाला कुलूप नसतं. पळवलं की तापतं. तापलं की बंद पडतं आणि फारच तापलं तर जळतं. एवढंच त्यातलं विज्ञान, बाकी सगळा धीर.

धीर तिच्याकडं रग्गड होता, पैसे नव्हते. राजारामपुरीत जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात ती तीन वेळा गेली आणि घासाघीस करून सहाशे रुपयांना प्रोसेसर थंड ठेवणारा एक उंच जुना कुलर आणला, त्याखाली लावायच्या पेस्टची दीडशेची ट्यूब आणली. मशीन उघडलं तर आत बारा वर्षांची धूळ, आणि एक मेलेली पाल. ब्रशनं सगळं झाडलं. प्रोसेसरवरची वाळून खडक झालेली पेस्ट स्पिरिटनं पुसून काढली, तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली, वर कुलर बसवला. बाजूचा पत्रा काढूनच ठेवला आणि टेबलफॅन त्या बाजूला वळवला. फुकटचा वारा, का सोडायचा?

आणि मग रोज एक पायरी. एकच. जेवायच्या सुट्टीत ती डबा एका हातानं खायची आणि दुसऱ्या हातानं आकडे लिहायची. वेगाचा आकडा तेहेतीसवर होता, तो चौतीस केला. अर्धा तास मशीनला मुद्दाम राबवून बघितलं. वहीत लिहिलं: चौतीस, अठ्ठावन्न अंश, ठीक. दुसऱ्या दिवशी पस्तीस. मशीन वेगापेक्षा विजेच्या दाबानं मरतं हे तिनं वाचलं होतं, म्हणून दाबाला जवळजवळ हातच लावला नाही. ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलेलं होतं. त्रेचाळीसला पडदा निळा होऊन मशीन बंद पडलं. ती निमूट बेचाळीसवर परत आली आणि तिथंच थांबली. बेचाळीस, अडुसष्ट अंश, ठीक. पुढं दहा दिवस रोज ठीक.

आण्णांच्या कानावर गेलंच. ते येऊन मागं उभे राहिले. "पळतंय की लेकाचं! अजून वाढव."

"नको आण्णा. बेचाळीसच्या पुढं त्याला झेपत न्हाय."

"तुझ्या बाचं मशीन हाय व्हय?"

"तुमचं हाय, म्हणून तर."

आक्का खुदकन हसल्या. राजसनं खुर्ची फिरवली, चष्मा वर केला. "अक्षता, माझं पण वाढवून दे की."

"तुझ्याला गरज न्हाय रे. आहे तेच लई झालं."

तो थोडा हिरमुसला, पण पोरगं वाईट नव्हतं. चहा आला की आधी तिचा कप भरायचा. त्याची इचलकरंजीची फिल्म मात्र अगदी बेचव झाली होती, आणि ते त्यालाही दिसत होतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी अक्षतानं फिल्म काढायला बसवली. हिशोब पक्का होता. बेचाळीसच्या वेगानं बावीस तास. सकाळी ती आली तेव्हा म्हातारं शांतपणे चाललेलं, पासष्ट अंश, काम नव्वद टक्क्यांवर. तिनं मशीनच्या पत्र्यावर एक थाप मारली आणि आईला फोन करून सांगितलं की जेवायला गोड कर.

आता इथं आण्णांची रीत सांगायला पाहिजे. नवमीला कोल्हापुरात जो तो आपल्या यंत्राची पूजा करतो आणि दिवसभर यंत्र बंद ठेवतो. आण्णांचं उलटं. त्यांच्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं, उसाच्या चरकाला डिझेलचं इंजिन. ते नवमीला इंजिन चालू करायचे, धडधड सुरू झाली की हळद-कुंकू लावायचे आणि तांब्यानं पाणी घालायचे. "बंद यंत्राची पूजा म्हंजे मढ्याची पूजा," असं ते म्हणायचे म्हणे. इंजिनाला पाणी चालतं. त्याला चिखलही चालतो. पण वडिलांचं इंजिन आणि पोराचा कॉम्प्युटर यातला फरक आण्णांना कधी कुणी सांगितला नव्हता, कारण आजवर सगळ्या मशीनचे पत्रे बंद असायचे. पाणी पत्र्यावर पडायचं आणि ओघळून जायचं.

ताट आलं, उदबत्ती आली. दोन गिऱ्हाइकं अल्बम बघत बसलेली. अक्षता पुढं झाली. "आण्णा, दोन तासात पुरं हुतंय. मग करूया का पूजा?"

"मुहूर्त तुझ्या मशीनला इचारून काढायचा व्हय?"

"मग पत्रा तरी लावू दे." तिनं पत्रा उचललासुद्धा.

"झाकू नगंस! एवढं पळवलंयस, तर आतल्याची पूजा हुंदे." आण्णा खुशीत होते. वर आवाज खाली न आणता म्हणाले, "तुमच्यात चालत न्हाय न्हवं? तू तिकडं दाराशी हुबी ऱ्हा."

तिच्या घरी बुद्धवंदना, देवपूजा नाही. ती दाराशी उभी राहिली. हातात पत्रा तसाच. काचेच्या डब्याला आण्णांनी बाहेरनं कुंकू लावलं, काचेवर फूल ठेवलं. मग म्हाताऱ्याकडं आले. ओलं कुंकू लावलं ते थेट आत, कुलरच्या पंख्यापाशी. फूल बुडवून पाणी शिंपडलं. अक्षताच्या तोंडून "आण्णा!" निघालं तोवर भक्तीला जोर येऊन त्यांचा हात सैल सुटला होता आणि तांब्या कलला होता. चट् असा एवढासा आवाज झाला. जळका वास आला आणि पडदा काळा पडला.

तिनं धावत जाऊन वायर ओढली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"काय झालं? बंद का पडलं?" आण्णा म्हणाले.

"आण्णा, पाणी आत—"

"पाणी?" आण्णांचा आवाज चढला. त्यांना कळलं होतं. डोळ्यांत दिसत होतं की माणसाला कळलंय. पण गिऱ्हाइकं बघत होती. "देवाच्या पाण्यानं मशीन जळतंय व्हय? ऐकलंसा का मंडळी, काय बोलतीया! चाळीस वर्षं पूजा करतोय, एक यंत्र जळलं न्हाय. आणि हिनं तीन आठवडे आत बोटं घातली, ते न्हाय व्हय जळणार?"

आक्का तिच्याकडं बघायला लागल्या. गिऱ्हाइकंही. अक्षताच्या पिशवीत वही होती. तीन आठवड्यांचे आकडे, रोजचा ताप, रोजचं 'ठीक'. ती काढून दाखवता आली असती. पण दाखवायची म्हणजे काय सिद्ध करायचं? मशीन देवाच्या पाण्यानं जळलं, हे कांबळ्यांच्या पोरीनं चारचौघांत म्हणायचं? ते वाक्य तिच्या तोंडून निघालं असतं की मशीन राहिलं असतं बाजूला आणि तिच्या जातीचाच पंचनामा सुरू झाला असता. तिनं वही पिशवीतच राहू दिली. राग मनात मावत नव्हता.

आण्णा राजसकडं वळले. "तू तिथंच हुतास न्हवं? काय केलतं हिनं?"

राजस हातभर अंतरावर होता. तांब्यातलं पाणी त्याच्या बाहीवर उडालं होतं, बाही अजून ओली होती. अक्षतानं त्याच्याकडं बघितलं. एकच वाक्य बोलायचं होतं त्यानं. त्याच्या जातीला कुणी काही म्हणणार नव्हतं, देवाला नावं ठेवल्याचा आळ येणार नव्हता. राजसनं चष्मा काढला, शर्टाच्या कोरड्या बाहीनं पुसला.

"वाढवलं असंल, आण्णा. मला काय म्हाईत."

झालं. मशीनमधली डिस्क तेवढी शाबूत होती. ती काढून काचेच्या डब्याला जोडली आणि तिनं बांधलेली फिल्म राजसनं चार तासांत बाहेर काढली. दसऱ्याला उदयसिंह आले, फिल्म बघून त्यांचे डोळे भरले, राजसच्या पाठीवर थाप पडली. खुर्ची राजसला मिळाली, कायमच्या पत्रासकट. अक्षताला आण्णा म्हणाले, "मी मोठ्या मनाचा, भरपाई मागत न्हाय. दिवाळीपतूर अल्बम चिकटवाय ये. मग तुझी वाट तुला." आणि चहा यायचा तेव्हा राजस आता तिचा कप भरत नव्हता. तिच्याकडं बघावं लागलं असतं ना.

घरी मीनाबाईनं सगळं ऐकून घेतलं. गल्लीत काय सांगायचं हा प्रश्न तिच्या तोंडावर लिहिलेला होता, पण तिनं तो विचारला नाही. "गेली तर गेली," ती म्हणाली. "तू त्यांच्या ताटाला हात न्हाय लावलास, तिथं हात न्हाय जोडलास. ते आपलं आपल्यापाशी ऱ्हायलं. बास झालं."

वीस दिवस अक्षता स्टुलावर बसून दुसऱ्यांच्या लग्नांचे फोटो चिकटवत होती. मेलेलं मशीन पायाशीच पडलेलं. एकदा तिनं आत बघितलं तर बोर्डावर कुंकवाचा लाल ओघळ वाळून बसला होता, नेमका प्रोसेसरशेजारी, जिथं वीज उतरते तिथं. ती बराच वेळ त्या ओघळाकडं बघत होती. त्यानंतर ती गप्पच झाली, आणि आक्का म्हणाल्या पोरगी सुधारली.

लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी स्टुडिओ माणसांनी भरला. शेजारचे दुकानदार, नेहमीची गिऱ्हाइकं, आणि पुढच्या महिन्यात मुलाचं लग्न म्हणून विसार द्यायला आलेले उदयसिंह. वह्या, तिजोरी, कॅमेरे मांडलेले. काचेचा डबा रीतीप्रमाणं चालू, निळा-जांभळा. आण्णांनी ताट उचललं आणि अक्षता पुढं झाली.

"आण्णा, ह्या वेळी मी करू का पूजा?"

आक्कांनी गालाला हात लावला. "अगं बाई! बघा, आली का न्हाय सुधराय!" आण्णांची छाती दोन बोटं वर आली. जिंकल्यासारखं त्यांनी चारचौघांकडं बघितलं आणि ताट तिच्या हातात दिलं. ताट जड नव्हतं. अक्षताला वाटलं होतं जड लागेल.

तिनं वह्यांना कुंकू लावलं, कॅमेऱ्यांना लावलं. मग काचेच्या डब्यापाशी बसली आणि काच धरणारे दोन स्क्रू हातानं फिरवायला लागली.

"आण्णा, आतनं नको!" राजस म्हणाला.

अक्षतानं मान वर केली. आवाज साधा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आतल्याची पूजा असती न्हवं आण्णा? पत्रा झाकला तर तुम्ही मला बोलला. आणि देवाच्या पाण्यानं मशीन जळत न्हाय, तुम्हीच सांगितलंय."

आण्णांच्या कपाळावर घाम आला. नको म्हणावं तर नवमीला काय झालं ते सगळ्यांसमोर कबूल केल्यासारखं. आक्का बघत होत्या. उदयसिंह म्हणाले, "लावू द्या की आण्णा, एवढी मनापासनं करतीया!"

"लाव," आण्णा म्हणाले.

तिनं काच बाजूला ठेवली. आधी कुंकू लावलं, नीट, बोटानं. मग तांब्या घेतला. हात सैल-बिल काही सुटला नाही तिचा. प्रोसेसरशेजारी, जिथं वीज उतरते, बरोबर तिथं तिनं पाणी सोडलं, सावकाश. अभ्यास झालेलाच होता. निळे दिवे एकदा लखलखले, जांभळे झाले आणि गेले. तोच वास आला. तिनं वायर काढून ठेवली आणि मागं सरकून उभी राहिली.

"हे काय झालं?" उदयसिंहांनी विचारलं. "माझ्या पोराच्या लग्नाचं ह्याच्यावरच करणार हुता न्हवं?"

आण्णांनी अक्षताकडं बघितलं. काय बोलणार? लक्ष्मीच्या पाण्यानं जळलं म्हणावं तर चाळीस वर्षांच्या पूजेचं हसं. मग त्यांना राजस दिसला. माणूस अडकला की त्याला जवळचंच कुणीतरी दिसतं.

"काय करून ठेवलंयस मशीनला?"

"मी? आण्णा, पाणी—"

थाडकन मुस्काटात बसली. चष्मा उडून वह्यांच्या पूजेत पडला. "पाणी? लक्ष्मीच्या दिवशी देवाला नावं ठेवतोस! वाढवून मागत हुतास न्हवं हिच्याकडं? माझ्यासमोर मागत हुतास! केलास न्हवं शेवटी? मी तुला कायम केलो ते ह्यासाठी? उद्यापासनं पाय ठेवू नगंस हितं!"

राजसचा गाल लाल झाला. चष्म्याविना त्याचे डोळे लहान पोरासारखे दिसत होते. ते डोळे गर्दीतनं अक्षताला शोधत आले आणि तिच्यावर थांबले. सगळ्यांत मशीनमधलं कळणारी ती एकटीच. एकच वाक्य बोलायचं होतं तिनं.

आण्णाही तिच्याकडंच वळले. आवाज एकदम मऊ. "अक्षता, तुला कळतंय ह्यातलं. तूच सांग. काय केलतं ह्यानं?"

तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, लई बरं वाटलं. वीस दिवस छातीवर धोंडा होता तो उतरला. तिनं ताट खाली ठेवलं.

"वाढवलं असंल, आण्णा. मला काय म्हाईत."

ती चपला घालून बाहेर आली. गल्लीच्या तोंडाला नळ होता, तिथं तिनं बोटाचं कुंकू धुतलं. पुन्हा एकदा धुतलं, नखाच्या कडेचं निघत नव्हतं. घरी मीनाबाई जेवायची थांबली होती.